मुलाने कबाडातून स्टिअरिंग आणलंय, मधली एअरबॅग न उडालेली आहे. काय करू?

लोकमान्यनगरची_आई

नमस्कार मंडळी, आम्ही इंदूरचे. मुलगा बारावीला आहे आणि त्याला संगणकावर गाड्या पळवायच्या खेळाचं भयंकर वेड. खेळण्यातलं स्टिअरिंग चालत नाही म्हणून कबाड्याकडून कुठल्याशा ठोकलेल्या गाडीचं खरं स्टिअरिंग घेऊन आला. मधली गादी शाबूत आहे, तिच्यावर एसआरएस एअरबॅग लिहिलंय आणि मागून पिवळ्या वायरी लोंबतायत. चिरंजीव म्हणतात, हॉर्नचं बटण चालतं का ते मीटर लावून बघतो, मग गादी उचकटून फेकून देऊ. मी मीटर काढून घेतला आणि स्टिअरिंग दिवाणात ठेवून दिलं. ह्यांचं म्हणणं, सकाळी कचरा गाडी येते, तिच्या घातक कचऱ्याच्या डब्यात टाकून मोकळी हो.

जाता जाता आणखी एक. आमच्या स्वतःच्या गाडीचा एअरबॅगचा दिवा सारखा पेटलेला असतो. गॅरेजवाला म्हणतो, रेझिस्टर टाकून दिवा बंद करून देतो, खर्चही फार नाही. करून घेऊ का?

पलासियाचा_पंटर

अरे भिया, एवढं काय घाबरायचं! मोकळ्या मैदानात न्या, लांब वायर जोडा, बॅटरीला टेकवा, धडाम. काम खतम. व्हिडिओ तेवढा टाका इथे.

वायरमन_काका

ताई, मीटर काढून घेतलात हे उत्तम केलंत. देवास नाक्याकडे माझं गाड्यांच्या वायरिंगचं काम आहे, शेजारीच डेंटिंग-पेंटिंगवाला, त्यामुळे ठोकलेल्या गाड्या रोज बघतो.

त्या गादीच्या आत कापडी पिशवीची घडी असते आणि पिशवीच्या मागे धातूची डबी. डबीत गॅस करणाऱ्या रसायनाच्या गोळ्या आणि त्या पेटवणारी एक बारीक काडी, आम्ही तिला स्क्विब म्हणतो. काडीला जेमतेम सव्वा अँपिअर करंट दोन मिलिसेकंद मिळाला की झालं. पापणी लवायच्या आत पिशवी फुगते आणि बाहेर येताना तिचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास जाऊ शकतो. स्टिअरिंग गाडीतून निघालं म्हणून ती मेली असं समजू नका. मीटरसुद्धा वायरीतून थोडा करंट सोडूनच मोजतो. डिजिटल मीटरचा फार कमी असतो, सुईवाल्या जुन्या मीटरचा बराच जास्त. पण कुठल्याही कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल उघडा, एअरबॅगला मीटर लावू नका हे त्यात ठळक अक्षरांत असतं.

आता आधी ते दिवाणातून काढा. तिथे वर माणसं बसतात, झोपतात. उचलताना गादीचं तोंड, म्हणजे कंपनीचं चिन्ह असलेली बाजू, अंगापासून आणि चेहऱ्यापासून लांब धरायची. वायरी धरून उचलायचं नाही. हात लावण्याआधी खिडकीच्या उघड्या लोखंडी गजाला स्पर्श करा, अंगातली स्थिर वीज उतरते. टेरिकॉट किंवा लोकर अंगात नको. ठेवायचं ते जमिनीवर, उताणं, तोंड वर. चुकून उडालीच तर पिशवी वरच्या मोकळ्या जागेत फुगेल आणि थांबेल. पालथं ठेवलं असेल तर मात्र अख्खं स्टिअरिंग उसळून छताला जाईल. वर काही ठेवू नका, ऊन नको, गॅसची शेगडी जवळ नको, खोलीला कुलूप.

पिवळ्या प्लगकडे नुसत्या डोळ्यांनी बघा. त्या जोडात एक पत्री असते. प्लग निघाला की ती काडीच्या दोन्ही पिना एकमेकींना जोडून टाकते, म्हणजे इकडचा तिकडचा करंट काडीतून जात नाही. कबाडी लोक प्लग सोडवत बसत नाहीत, कटरने वायर छाटतात. प्लग बसलेलाच आणि वायर छाटलेली असेल तर पत्री उघडीच राहते आणि ती दोन टोकं थेट काडीला जोडलेली असतात. तसं असेल तर हात लावू नका, नेणाऱ्याला सांगा.

पंटर भिया, तुमच्या धडामबद्दल. कंपन्या खरोखर तसंच करतात, फक्त त्यासाठी ठरलेलं हत्यार असतं, माणूस निदान १० मीटर लांब असतो आणि सुटी एअरबॅग टायरच्या चळतीत कोंडून मग उडवतात. उडाल्यावर डबी हात भाजेल इतकी तापते, पूड डोळ्यांना आणि नाकाला झोंबते, म्हणून हातमोजे, चष्मा, मास्क. आणि सगळ्या डब्या शहाण्या नसतात. टाकाटा या जपानी कंपनीने डब्यांत अमोनियम नायट्रेट वापरलं होतं. वर्षानुवर्षं उष्णता आणि दमटपणा सोसून ते बिघडलं, उडताना डबीच फुटली आणि धातूचे तुकडे लागून माणसं दगावली. जगभरातून सुमारे १० कोटी डब्या परत मागवाव्या लागल्या, २०१७ साली कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. कबाडातल्या स्टिअरिंगमध्ये कुठली डबी आहे हे तुम्हाला ठाऊक आहे? डबीवरचं लेबल मागच्या बाजूला असतं, आणि ते वाचायला कोणी स्टिअरिंग पालथं करू नका म्हणजे मिळवलं.

सराफा_रात्री_बारा

काका, मग कचरा गाडीचं काय? आपल्याकडे सहा प्रकार वेगळे घेतात, त्यात घातक कचरा आहेच की.

वायरमन_काका

तो डबा घरातल्या रंगाच्या, औषधाच्या, कीटकनाशकाच्या रिकाम्या बाटल्यांसाठी. ही वस्तू पेटणारी आहे. कुठे डब्यात डबा आदळेल, कुठे ट्रान्सफर स्टेशनवर कचरा दाबायच्या मशीनखाली जाईल, आणि समोर उभा असेल तो दहा-बारा हजारांवर राबणारा पोरगा. त्याला न सांगता टाकणं मला पटत नाही, आणि सांगितलं तर तो घेणार नाही. भंगारवाल्याला परत देणंही तेच, तो गॅस कटर लावेल.

ज्या कंपनीची गाडी आहे तिच्या अधिकृत वर्कशॉपला आधी फोन करा. न उडालेली सुटी एअरबॅग आहे असं स्पष्ट सांगा. कुरकुर करतील, गाडी कुठे म्हणून विचारतील. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरवर थांबू नका, बॉडी शॉपच्या मॅनेजरला मागा, त्याचा एअरबॅगशी नेहमीचा संबंध असतो. नाहीच जमलं तर नोंदणीकृत वाहन स्क्रॅपिंग केंद्र. २०२१ च्या नियमांनी ही केंद्रं सुरू झाली, परिवहन मंत्रालयाच्या संकेतस्थळावर यादी मिळते. गाडी मोडण्याआधी एअरबॅग आणि सीटबेल्टचे प्रीटेन्शनर, म्हणजे धडकेच्या क्षणी पट्टा आवळणारे भाग, निकामी करणं हे तिथलं नेहमीचं काम. हो, सीटबेल्टमध्येही फटाक्यासारखी पेटणारी दारू असते, पुष्कळांना हे माहीतच नसतं.

आता तुमच्या गाडीचा दिवा. किल्ली फिरवली की तो काही सेकंद पेटून विझला पाहिजे. पेटलेला राहतो म्हणजे यंत्रणेला दोष दिसलाय आणि धडकेच्या वेळी एअरबॅग उघडेलच याचा भरवसा नाही. रेझिस्टर लावला की एअरबॅगच्या कॉम्प्युटरला वाटतं काडी जागेवर आहे, दिवा विझतो, आणि त्या जागची एअरबॅग कायमची गेली. ड्रायव्हरची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत सक्तीची झाली, आणि इकडे चार पैशांच्या तुकड्याने ती बंद करणारे बसलेत! वापरलेली गाडी घेताना किल्ली फिरवून दिवा पेटतो का हे मी सगळ्यात आधी बघतो. अजिबातच न पेटणारा दिवा जास्त वाईट.

स्कॅनर लावून कोड वाचून घ्या. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत बहुतेक वेळा दोनच कारणं निघतात. एक, पुढच्या सीटखालचा पिवळा प्लग सैल. दुसरं, स्टिअरिंगमागची वायरींची गुंडाळलेली पट्टी, क्लॉक स्प्रिंग, तुटलेली. ती गेली तर बऱ्याचदा हॉर्नही वाजत नाही. प्लगला हात लावायच्या आधी किल्ली बंद, बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची आणि थांबायचं. कॉम्प्युटरमधल्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरलेला असतो. कुठली कंपनी दीड मिनिट सांगते, कुठली तीन, मी दहा मिनिटं थांबतो. पोरं हसतात, हसू देत.

लोकमान्यनगरची_आई

काका, खूप आभार. वायर छाटलेलीच निघाली, प्लग बसलेला. वर्कशॉपमध्ये पहिल्याने नाहीच म्हणाले, बॉडी शॉपच्या साहेबांना मागितल्यावर त्यांनी माणूस पाठवला, तो टोकं एकत्र पिळून, गादी वेगळी करून घेऊन गेला. बिनगादीचं स्टिअरिंग चिरंजीवांना मिळालं, त्यामुळे तेही खूष. आमच्या गाडीत सीटखालचाच प्लग होता, दप्तर आणि पाण्याच्या बाटल्या कोंबून कोंबून सैल झालेला. आता एकच शंका, सीटला जाड रेक्झिनची कव्हरं घातली आहेत. ती चालतात ना?

वायरमन_काका

सीटच्या कुशीवर एअरबॅगची शिवलेली चिठ्ठी आहे का बघा. असेल तर बाजूची एअरबॅग तिथूनच बाहेर येते, त्या शिवणीवर जाड कव्हर नको. त्या जागी फाटेल अशी कच्ची शिवण असलेली कव्हरं मिळतात, तीच घ्या. चिठ्ठी नसेल तर खुशाल राहू द्या.