मदत हवी आहे: पोकरमध्ये हात चालू असताना निर्णय कसा घेता?

लोकहो, टेक्सास होल्डेम (प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, टेबलावर सगळ्यांसाठी मिळून पाच) खेळणाऱ्यांची मदत हवी आहे. पॉट ऑड्स (पॉटच्या, म्हणजे जमलेल्या चिप्सच्या, तुलनेत किती टाकणं परवडतं), आउट्स (हात सुधारणारी पानं), पोझिशन (कोणाची पाळी कधी) हे सगळं वाचून झालंय आणि निवांत बसलं की गणितही जमतं, पण समोरचा बेट टाकून माझ्याकडे बघत बसला की सगळं एकदम डोक्यात येतं आणि नक्की कशापासून सुरुवात करायची तेच सुचत नाही. एक हात सविस्तर देतो.

ब्लाइंड्स (पत्ते बघण्याआधी दोघांनी सक्तीने टाकायच्या चिप्स, स्मॉल आणि बिग) ५०/१००, माझ्याकडे आणि समोरच्याकडेही दहा हजारांच्या आसपास चिप्स. मी बटनवर (शेवटी पाळी येणारी जागा), हातात इस्पिक एक्का आणि बदाम राणी. मधल्या पोझिशनवरून एकाने ३०० ला रेझ केलं (बेट वाढवली), मी कॉल (तेवढ्याच चिप्स टाकल्या), बिग ब्लाइंडचाही कॉल, स्मॉल ब्लाइंडचे ५० धरून पॉट ९५०. फ्लॉपला (टेबलावरची पहिली तीन पानं) किलवर राणी, किलवर अठ्ठी, चौकट तिर्री. बिग ब्लाइंडने चेक केलं (बेट न टाकता पाळी पुढे दिली), रेझवाल्याने ४५० टाकले, मी कॉल केला, बिग ब्लाइंड फोल्ड (पत्ते टाकून बाहेर). टर्नला (चौथं पान) इस्पिक सत्ती, त्याने १२००, मी परत कॉल. रिव्हरला (पाचवं, शेवटचं पान) किलवर दुर्री आली, पॉट ४२५० आणि त्याने क्षणाचाही वेळ न लावता ३००० पुढे सरकवले.

७२५० जिंकायला ३००० टाकायचे, म्हणजे १०२५० मध्ये ३०००, म्हणजे साधारण २९ टक्के वेळा मी पुढे असलो तरी कॉल परवडतो. इथपर्यंत ठीक आहे. पण मी २९ टक्के वेळा पुढे आहे की नाही हे टेबलावर बसून ठरवायचं कसं? शेवटी फोल्ड केलं, त्याने पत्ते दाखवले नाहीत, त्यामुळे बरोबर की चूक ते कळायला मार्ग नाही. आणि माझा एक्का इस्पिकचा न असता किलवरचा असता तर काही फरक पडला असता का? तुम्ही लोक त्या अर्ध्या मिनिटात नेमका कशाचा विचार करता ते सांगा, प्लीज.

प्रतिसाद १:

हात व्यवस्थित लिहिलात, त्यामुळे सांगणं सोपं जातंय. पहिली गोष्ट, रिव्हरला विचार सुरू करू नका, तेव्हा फार उशीर झालेला असतो. टर्नला १२०० कॉल करतानाच मनात ठरवायचं की किलवर पडलं आणि याने मोठी बेट टाकली तर मी काय करणार. किलवरची ११ पानं तुम्हाला दिसलेली नव्हती, म्हणजे ते काही अचानक आलेलं संकट नाही.

दुसरं म्हणजे टक्केवारीचा अंदाज बांधत बसू नका, सरळ हात, म्हणजे त्याच्याकडे असू शकतील अशा दोन पत्त्यांचे प्रकार, मोजा. कुठलीही जोडी ६ प्रकारे येते, पण दोन राण्या दिसल्यात म्हणून त्याच्याकडे राण्यांची जोडी १ च प्रकारे, अठ्ठ्यांची ३, तिर्र्यांची ३, झाले ७ सेट (एकाच किमतीची तीन पानं). फ्लशमध्ये (एकाच प्रकारची, इथे किलवरची, पाच पानं) किलवर एक्का आणि सोबत किलवरचं दुसरं पान असे ९ प्रकार उरतात, शिवाय राजा-गुलाम, राजा-दश्शी, गुलाम-दश्शी, दश्शी-नव्वी धरा, ४. एकूण २० हात तुम्हाला हरवतात, आणि एक्क्या-राजांच्या किंवा सत्त्या-दुर्र्यांच्या जोड्या मी यात धरलेल्याच नाहीत. तुमच्या २९ टक्क्यांसाठी या २० समोर निदान ९ ब्लफ (कमजोर पत्त्यांवर घाबरवायला टाकलेली बेट) हवेत. फसलेले स्ट्रेट ड्रॉ (ओळीने पाच पानं व्हायची राहून गेलेले हात) म्हणजे दश्शी-नव्वी आणि गुलाम-दश्शी, सूटेड (दोन्ही पत्ते एकाच प्रकारचे) पण किलवर सोडून, हे मिळून ६ च. त्यामुळे जो माणूस फारसा ब्लफ करत नाही त्याच्याविरुद्ध तुमचा फोल्ड मला पटतो.

एक्क्याचा प्रश्न फार चांगला विचारलात. किलवर एक्का तुमच्या हातात असता तर वरचे ९ च्या ९ फ्लश गायब, उरतात ११, मग ५ ब्लफ पुरेत. दिसायला हात तोच, पण मी कॉल केलं असतं.

आणि त्याने झटकन बेट टाकली याला एवढं महत्त्व देऊ नका. तो माणूस नेहमी कसा खेळतो हे माहीत असेल तरच त्यातून काही कळतं.

धागाकर्ता:

मनापासून आभार, हात मोजायचे हे वाचलं होतं पण असं माझ्याच हातावर कोणी करून दाखवलं नव्हतं. एकच शंका राहिली. त्याने ३००० ऐवजी १५०० टाकले असते तर ७२५० मध्ये १५००, म्हणजे २१ टक्क्यांच्या आत, मग २० समोर ६ ब्लफ पुरतात आणि तेवढे तर आहेतच, बरोबर ना? पण एवढ्या लहान बेटमध्ये राजा-राणीवाले ८ हात पण येत असतील, त्यांना तर मी हरवतो, मग ते माझ्या बाजूला धरायचे की तो तिथे चेकच करेल असं समजायचं?