१९७१ चा ठराव
अमेरिकेतले इव्हँजेलिकल, म्हणजे बायबललाच अंतिम प्रमाण मानणारे प्रोटेस्टंट ख्रिस्ती, पहिल्यापासून एकमुखाने गर्भपाताच्या विरोधात होते असं म्हटलं जातं, ते काही पटत नाही. सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या तिथल्या सर्वात मोठ्या प्रोटेस्टंट संघटनेचा १९७१ चा ठराव वाचून बघा. बलात्कार, रक्ताच्या नात्यातले संबंध, गर्भात गंभीर व्यंग किंवा आईच्या शारीरिक, मानसिक आरोग्याला धोका असेल तर गर्भपाताची मुभा देणारा कायदा व्हावा यासाठी सभासदांनी झटावं असं त्यात चक्क लिहिलंय, आणि हे गर्भपाताला देशभर घटनात्मक हक्क ठरवणाऱ्या अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाच्या १९७३ च्या रो विरुद्ध वेड निकालाच्या सुमारे दीड वर्ष आधी! १९८० च्या ठरावात फक्त आईचा जीव वाचवण्यापुरता अपवाद उरला आणि २००३ मध्ये तर आधीच्या भूमिकेबद्दल जाहीर खेद व्यक्त केला गेला.

मी स्वतः विश्वासणारी आहे, गर्भातला जीव देवानेच घडवलेला असतो हे मनापासून मानते, तेच सांगणारं बायबलमधलं स्तोत्र १३९ तोंडपाठ आहे. पण आपण कधी चुकलोच नाही असा आव आणला की माणसं गप्प होतात हो. आमच्या बायबल स्टडीत एक ताई यायची, हा विषय निघाला की तिची मान खाली जायची आणि बोटं बायबलच्या पानाची कड दुमडत राहायची. तिने मन मोकळं करायला दोन वर्षं घेतली.