मदत हवी आहे : गाडीवर वॅक्स सुकून बसलंय, रंग न बिघडवता कसं काढू? आणि पुन्हा लावावं का?

नमस्कार मंडळी,

गाडी गडद निळी, अकरा वर्षांची. बाबांची होती, आता माझ्याकडे आली आहे. इंजिन, ब्रेक, टायर सगळं बघून घेतलं, रंगाकडे मात्र कुणाचंच लक्ष नव्हतं. बाबा रोज सकाळी ओलं फडकं घेऊन गाडी पुसायचे. एक दिवस चुकवला नाही त्यांनी. त्यामुळे ही गाडी पुन्हा तशीच चमकलेली बघायची माझी मनापासून इच्छा आहे.

रविवारी धुतली, कोरडी केली आणि डबीतलं घट्ट वॅक्स स्पंजाने लावायला घेतलं. दोन चुका झाल्या हे आता कळतंय. एक म्हणजे गाडी उन्हात होती. दुसरी, टपापासून डिकीपर्यंत सगळीकडे आधी लावून घेतलं आणि मग पुसायला लागले. तेही जाड थराने, कारण जास्त लावलं तर जास्त टिकेल असं वाटलं. शेवटचा दरवाजा होईपर्यंत बॉनेटवरचं कडक झालं होतं. फडकं सरकेना, जागच्या जागी अडकायला लागलं. जोर लावून पुसलं तर काही ठिकाणी निघालं, काही ठिकाणी नुसतं फासलं गेलं. आता समोरून बघितलं तर ठीक दिसतं, पण खाली वाकून उजेडाकडे तोंड करून पाहिलं की बॉनेटभर ढगाळ पट्टे दिसतात. माझ्या हाताच्या फेऱ्या जशा गेल्या तसेच्या तसे.

शिवाय दरवाजांखालच्या काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर पांढरे डाग पडलेत, धुऊनही गेले नाहीत. पुढच्या काचेला एका कोपऱ्यात थोडं लागलं असावं, कारण वायपर फिरला की तिथे तेलकट फराटा उमटतो.

हे सगळं काढायचं कसं? पेट्रोलने पुसायचा सल्ला एकाने दिला, पण हिंमत होत नाही. आणि दुसरं, ज्या बारीक गोल रेघांसाठी मी हे करायला घेतलं त्या तशाच आहेत. नखाला लागत नाहीत, पण रात्री दिव्याखाली कोळ्याच्या जाळ्यासारख्या दिसतात. एका वर्कशॉपमध्ये विचारलं तर उत्तर मिळालं, "वॅक्स म्हणजे पैसे पाण्यात, सिरॅमिक कोटिंगच करा." खरंच वॅक्सचा काही उपयोग नाही का? आपण लावलेलं काम करतंय की नाही हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

प्रतिसाद १

ताई, आधी काळजी सोडा. रंगाला काहीही झालेलं नाही, वॅक्स नुसतं वर बसलंय.

पेट्रोल, रॉकेल, थिनर यातलं काही लावू नका. ब्लेडने किंवा नखाने खरवडू नका. त्याच डबीतलं वॅक्स पुन्हा घ्या. गाडी सावलीत उभी करा, पत्रा हाताला गार लागला पाहिजे. दोन तळहात मावतील एवढ्याच जागेवर अगदी पातळ हात फिरवा आणि सुकायची वाट न बघता लगेच पुसा. घट्ट वॅक्समध्ये द्रावक असतो. तो उडून गेला की मागे कडक मेण राहतं, तुमच्या बॉनेटवर तेच झालंय. वरून ताजं वॅक्स फिरवलं की त्यातला द्रावक जुन्या थराला पुन्हा मऊ करतो आणि दोन्ही एकत्र निघून येतात. पट्टे जुने असतील तर दोनदा करावं लागेल.

फडकं मायक्रोफायबरचं घ्या, जरा दाट लव असलेलं. दोनदा घडी घालून चौपदरी केलं की आठ स्वच्छ बाजू मिळतात. एक बाजू मेणाने भरली की उलटा. भरलेल्या बाजूने पुसत राहिलात तर काढलेलं मेण परत तिथेच लागतं, पट्टे बहुतेक वेळा त्यामुळेच पडतात. फडकं जमिनीवर पडलं तर त्या दिवसापुरतं बाजूला ठेवा. एक खडा पुरतो.

एवढं करूनही कुठे राहिलंच तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं निम्मं करून फडक्यावर घ्या, थेट गाडीवर फवारू नका. त्याने वॅक्स साफ निघतं, म्हणजे त्या जागेवर नंतर पुन्हा लावावं लागेल.

जाड थराबद्दल : रंगाला चिकटून बसतो तो अतिशय पातळ थर. त्यावरचं सगळं आपण पुसूनच काढतो. चांगल्या डब्यांमध्ये कार्नौबा असतं, ते ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या पानांवरून मिळतं. शुद्ध कार्नौबा ८० अंशांच्या वर वितळतं आणि इतकं कडक असतं की तसंच लावता येत नाही, म्हणून त्यात द्रावक आणि तेलं मिसळतात. गरम पत्र्यावर द्रावक झटकन उडतो आणि आपल्या हातात कडक मेण उरतं. म्हणून सावली हवी आणि एका वेळी एकच भाग घ्यायचा : एक दरवाजा, अर्धं बॉनेट. लावल्यावर धुरकट झालं की बोट फिरवून बघा. बोटाखाली स्वच्छ चकाकी दिसली तर पुसायला घ्या. बोटाबरोबर तेलकट ओढ उमटली तर अजून थांबा.

प्रतिसाद २

काळ्या प्लास्टिकसाठी साधा पांढरा खोडरबर वापरून बघा. खडबडीत प्लास्टिकच्या बारीक खाचांत मेण जाऊन बसतं, कापड तिथवर पोचतच नाही. खोडरबराने न गेलं तर कोमट पाणी, गाडीचा शाम्पू आणि मऊ दातांचा ब्रश. पुढच्या वेळी लावण्याआधी पट्ट्यांवर मास्किंग टेप चिकटवा, दहा मिनिटांचं काम आहे.

काचेला तेच अल्कोहोलचं पाणी चालेल. वायपरचं रबरही पुसा, नाहीतर काच स्वच्छ करून काही फायदा नाही, रबरावरचं मेण पहिल्याच फेरीत परत काचेवर येईल.

प्रतिसाद ३

मला तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहायचंय, कारण तिथे बरेच जण फसतात.

पॉलिश आणि वॅक्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॉलिशमध्ये बारीक घासणारे कण असतात, ते रंगावरचा पारदर्शक थर किंचित घासून रेघा काढतं. वॅक्स काहीच काढत नाही, वर बसतं. रेघांत भरून त्या थोड्या झाकतं आणि काही धुण्यांनंतर त्या परत दिसतात. म्हणजे रेघा राहिल्या यात तुमच्या हाताचा दोष नाही, ते वॅक्सचं कामच नाही. पण त्यासाठी लगेच मशीन पॉलिशला धावू नका. पारदर्शक थर साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा असतो, माणसाच्या केसापेक्षाही पातळ. प्रत्येक पॉलिशमध्ये तो थोडा कमी होतो आणि परत येत नाही.

या रेघा येतात त्या धुळीवरून ओलं फडकं फिरवल्याने. वडिलांनी मायेनेच केलं असणार, त्या पिढीने सगळ्यांनी असंच केलं. आता मात्र आधी पाण्याने धूळ वाहू द्या, मग भरपूर फेसात हात लावा.

वॅक्स निरुपयोगी आहे हे मला मान्य नाही. ते काही आठवडे, फार तर दोनतीन महिने टिकतं. तेवढ्या काळात पक्ष्यांची विष्ठा, चीक, किडे यांचा मारा आधी वॅक्सवर बसतो आणि रंग वाचतो. पण विष्ठा दिसली की तासाभरात काढायचीच, वॅक्स थोडा वेळ मिळवून देतं एवढंच. सिंथेटिक सीलंट (मेणाऐवजी कृत्रिम रसायनांचा थर) त्याहून जास्त टिकतं, सिरॅमिक कोटिंग (रंगावर बसणारा कडक थर) आणखी जास्त. पण सिरॅमिकच्या आधी रेघा काढाव्या लागतात, नाहीतर त्या थराखाली तशाच राहतात. उघड्यावर उभी राहणारी गाडी असेल आणि वर्षातून तीनचार वेळा हात फिरवायची तयारी नसेल तर सीलंट घ्या. तुम्हाला हे काम स्वतः करायला आवडतंय असं दिसतं, मग वॅक्सच ठीक.

पारख करायची तर बॉनेटच्या मधोमध टेप लावा, एका अर्ध्यावर वॅक्स लावा आणि दुसरा अर्धा तसाच सोडा. पाण्याचे मणी जमतात का ते बघा, पण त्यावरच निकाल देऊ नका. धूळ बसली की वॅक्स असूनही मणी जमत नाहीत. दोन्ही अर्धे धुऊन मग बघा. धुताना कुठल्या बाजूचा चिखल आपोआप सुटतो, कुठल्या बाजूला घासावं लागतं, हे हाताला जास्त खरं कळतं.

आणि लावण्याआधी पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून धुतलेल्या पत्र्यावरून बोटं फिरवा. बारीक वाळूसारखं खरखरीत लागलं तर आधी क्ले बार (रंगाला चिकटलेले कण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी) फिरवा. त्या खरखरीवर वॅक्स नीट बसत नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी, गाडी सावलीत पूर्ण गार झाल्यावर केलं. ताजं वॅक्स फिरवून लगेच पुसल्यावर पहिल्या तळहाताएवढ्या जागेतलं धुकं निघालं आणि तिथे बाल्कनीची जाळी स्वच्छ उमटलेली दिसली. हायसं वाटलं. पूर्ण गाडीला दोन तास लागले, बॉनेटवर दोनदा हात फिरवावा लागला. खोडरबराने पट्ट्या साफ झाल्या, कोपऱ्यांत मात्र ब्रश लागला. काचेवरचा फराटा रबर पुसल्यावर गेला.

पिशवी घालून बघितलं. दरवाजे गुळगुळीत आहेत, पण बॉनेट आणि टप चांगलेच खरखरीत आहेत. क्ले बार आणून दोन्हींवर फिरवते, बॉनेटच्या डाव्या अर्ध्यावरचं वॅक्स अल्कोहोलच्या पाण्याने काढते आणि उजव्या अर्ध्यावर पातळ हात देते. रेघा सध्या राहू देते. त्या बाबांच्या हाताच्या आहेत हे कळल्यावर त्या काढायची घाई वाटेनाशी झाली. आठ आठवड्यांनी दोन्ही बाजूंचं काय झालं ते इथेच लिहीन.

प्रतिसाद ३

छान. एकच : या आठ आठवड्यांत साधा शाम्पू वापरा. "वॉश अँड वॅक्स" लिहिलेला घेतलात तर डाव्या अर्ध्यालाही मेण लागेल आणि तुलना बिघडेल.