ड्राफ्टमध्ये पहिली निवड मिळूनही संघ वर्षानुवर्षे तळाला का राहतात?

बाणेरकर:
सप्रेम नमस्कार. गेली दोन वर्षे मी अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉल नियमाने पाहतो आहे. अंतिम मालिकेचे सामने आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या सुमारास सुरू होतात, त्यामुळे मुलीला सॉफ्टबॉलच्या सरावाला सोडण्यापूर्वी दोन-तीन डाव पाहून होतात. एक गोष्ट मात्र उलगडत नाही. आधीच्या हंगामात तळाला राहिलेल्या संघांना ड्राफ्टमध्ये (नव्या तरुण खेळाडूंच्या वार्षिक वाटपात) लवकर निवड करता येते, म्हणजे उत्तम तरुण खेळाडू त्यांच्याच वाट्याला यायला हवेत. तरीही काही संघ वर्षानुवर्षे वर येतच नाहीत. उलट ह्यूस्टन ॲस्ट्रोज २०११ ते २०१३ या तीन हंगामांत अनुक्रमे १०६, १०७ आणि १११ सामने हरले आणि २०१७ मध्ये विजेते झाले. याचे श्रेय ड्राफ्टला द्यायचे की खेळाडू घडवणाऱ्यांना? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

प्रभात रोड:
बास्केटबॉलमध्ये वरच्या क्रमांकावर निवडलेला खेळाडू बहुधा त्याच हंगामात मुख्य संघातून खेळू लागतो. बेसबॉलमध्ये करार झाल्यावर अठरा ते एकवीस वर्षांचा मुलगा मेजर लीगच्या खालच्या मायनर लीगमध्ये जातो. तेथे सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए या पायऱ्या चढण्यात तीन-चार वर्षे सहज जातात आणि बहुतेक मुले वाटेतच गळतात. निवडीच्या दिवशी स्काउट (खेळाडू हेरणारे) त्या मुलाच्या आजच्या खेळावरून चार-पाच वर्षांनंतरचा खेळाडू ताडत असतात, आणि तो अंदाज भल्याभल्यांचा चुकतो. २०१३ मध्ये पहिल्या क्रमांकावर ह्यूस्टनने मार्क ॲपेल या पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) निवडले आणि दुसऱ्या क्रमांकावर शिकागो कब्जने क्रिस ब्रायंटला. ब्रायंट २०१६ मध्ये मेजर लीगच्या दोन गटांपैकी नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि त्याच वर्षी कब्जने १०८ वर्षांनी विजेतेपद मिळवले. ॲपेलला मेजर लीगचे मैदान दिसायला २०२२ उजाडले, तेही फिलाडेल्फियाकडून. माइक ट्राउट २००९ मध्ये पंचविसावा निवडला गेला होता, तर अल्बर्ट पुहोल्स १९९९ मध्ये तेराव्या फेरीत, ४०२ व्या क्रमांकावर.

ह्यूस्टनला ड्राफ्टमधून कार्लोस कोरेया आणि ॲलेक्स ब्रेगमन मिळाले, हे खरेच आहे. परंतु ड्राफ्ट अमेरिका, कॅनडा आणि पोर्टो रिको येथील मुलांपुरताच असतो. व्हेनेझुएलाच्या होसे अल्तुवेला त्यांनी २००७ मध्ये अवघ्या १५ हजार डॉलरमध्ये करारबद्ध केले होते. २०१७ चे विजेतेपद कॅमेऱ्याच्या साहाय्याने प्रतिस्पर्ध्यांचा कॅचर (यष्टिरक्षकासारखा) पिचरला करतो त्या खुणा चोरल्याच्या प्रकरणामुळे कायमचे डागाळले, म्हणून मला २०२२ चे यश अधिक बोलके वाटते. त्या प्रकरणाची शिक्षा म्हणून २०२० आणि २०२१ च्या ड्राफ्टमधील त्यांची पहिल्या दोन फेऱ्यांतील निवड काढून घेण्यात आली होती, तरीही ते २०२२ मध्ये पुन्हा जिंकले. फ्रॅम्बर वाल्डेझ आणि क्रिस्तियन हाविएर हे त्यांचे दोन प्रमुख पिचर ड्राफ्टबाहेरून, प्रत्येकी १० हजार डॉलरमध्ये आलेले होते. अंतिम मालिकेच्या चौथ्या सामन्यात हाविएरने सहा डाव एकही हिट (फलंदाजाला बेस गाठून देणारा फटका) दिला नाही आणि उरलेले तीन डाव त्याच्या सहकाऱ्यांनी तसेच काढले.

कर्वेनगर:
वरील विवेचनात एक दुरुस्ती सुचवतो. २०२० मध्ये निवडलेला मुलगा २०२२ पर्यंत क्वचितच वर आला असता, त्यामुळे त्या शिक्षेची झळ २०२२ च्या संघाला लागणारच नव्हती. हा तर्क प्रभात रोड यांच्याच पहिल्या परिच्छेदाच्या विरुद्ध जातो. शिवाय २०२२ च्या अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू जेरेमी पेन्या हा २०१८ च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या फेरीत मिळालेला होता.

पैशाचाही विचार व्हायला हवा. मेजर लीगमध्ये आल्यावर खेळाडू साधारण सहा वर्षे त्याच संघाशी बांधील असतो आणि पहिली तीन वर्षे त्याचा पगार बराच कमी असतो. घरचे खेळाडू तयार असतील, तर संघाकडे बाहेरून एखादा मोठा खेळाडू घेण्यास पैसा उरतो. टँपा बेसारखा काटकसरी संघ २००८ आणि २०२० मध्ये अंतिम मालिकेपर्यंत पोहोचला, तो याच मार्गाने.

मैदानावरची ताई:
कर्वेनगर यांची दुरुस्ती मान्य. मी पुण्यात सोळा वर्षे शाळकरी मुलींना सॉफ्टबॉल शिकवते, म्हणून घडवण्याविषयी लिहिते. गेरिट कोल हा पिट्सबर्गने २०११ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेला पिचर. पिट्सबर्गमध्ये चेंडू खाली बुडवून जमिनीलगत फटके खेळायला लावण्यावर भर असे आणि तोही असा बुडणारा चेंडू, म्हणजे सिंकर, बराच टाकी. २०१८ मध्ये तो ह्यूस्टनला आल्यावर त्याने सिंकर जवळजवळ सोडून दिला आणि वरच्या उंचीवर सरळ वेगवान चेंडू टाकायला सुरुवात केली. २०१९ मध्ये त्याने ३२६ फलंदाज स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले. खांदा आणि वेग त्याचेच होते. कोणता चेंडू टाकावा, हे सांगणारी माणसे बदलली होती.

माझ्याकडे एक तेरा वर्षांची मुलगी होती. तिचा चेंडू वेगात जाई, पण प्रत्येक वेळी कॅचरच्या उजव्या बाजूला भरकटे. आम्ही आधी तिच्या मनगटावरच मेहनत घेतली. नंतर मोबाइलवर हळू गतीने पाहिले, तेव्हा तिचा डावा पाय दर वेळी सरळ रेषेच्या वीतभर बाहेर पडत असल्याचे दिसले. मी पिचिंगच्या जागेपासून होम प्लेटपर्यंत फक्कीची रेघ मारली आणि पाय रेघेवरच पडला पाहिजे, एवढेच सांगितले. तीन आठवड्यांत चेंडू ग्लोव्हमध्ये जाऊ लागला. त्याच्या महिनाभर आधी एका निवड चाचणीत तिला जेमतेम दहा चेंडू टाकू देऊन घरी पाठवले होते, याचे दुःख मला आजही आहे.

बाणेरकर:
तिघांचेही मनापासून आभार. आपल्याकडच्या रिंकू सिंग (क्रिकेटपटू नव्हे) आणि दिनेश पटेल यांना २००८ मध्ये पिट्सबर्गने पिचर म्हणून घेतले होते. ते वर का पोहोचू शकले नाहीत? आणि माझ्या दहा वर्षांच्या मुलीला आतापासून पिचिंगच शिकवावे का?

मैदानावरची ताई:
ते दोघे उत्तर प्रदेशातील भालाफेकपटू होते. हातात वेग होता, पण विशीच्या उंबरठ्यावर त्यांनी प्रथमच बेसबॉल हाती घेतला, तर डॉमिनिकन मुले सोळाव्या वर्षी करार करतात तेव्हा त्यांच्या गाठीशी कित्येक वर्षांचा खेळ असतो. फलंदाज काय ओळखतो, धावकाला कसे रोखायचे, हे सारे त्यांना शून्यापासून शिकावे लागले. तरीही रिंकू सिंग मायनर लीगमध्ये सिंगल-एपर्यंत गेला, याचे मला मोठे कौतुक आहे.

मुलीला एवढ्यात एकाच जागेला बांधू नका. जेकब डिग्रॉम महाविद्यालयात शॉर्टस्टॉप (दुसऱ्या व तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) होता, पिचिंगकडे शेवटी शेवटी वळला, २०१० मध्ये नवव्या फेरीत निवडला गेला आणि २०१८ व २०१९ मध्ये नॅशनल लीगमधील सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्याने मिळवला. तिला वर्षभर सगळ्या जागांवर खेळू द्या. सध्या ती कुठे उभी राहते आणि लांबून फेकताना तिचे कोपर खांद्याच्या खाली येते का, एवढे पाहून कळवा.