मदत हवी आहे: जेसीबीचा जॅक पायावर आला, ठेकेदार बाँडवर सही मागतोय

नमस्कार मंडळी,

घरातलाच विषय आहे. माझा चुलतभाऊ, वय ३५, आटपाडीकडे पाइपलाइनच्या चरीवर ६०० रुपये हजेरीने कामाला होता. मार्च २०२५ मध्ये पाइप उतरवायच्या वेळी जेसीबी सरकवून उभा केला आणि चालवणाऱ्याने खाली न बघता मागचा जॅक (मशीनला टेकू देणारा लोखंडी पाय) टेकवला, तो थेट दादाच्या उजव्या पायावर. ऑपरेटर जेवायला गेलेला, मशीनवर त्याचा हेल्पर. दादाच्या पायात साधी स्लीपर. जॅक उचलेपर्यंत स्लीपर मातीत रुतून बसली होती, ती अजून तिथंच असेल. अंगठा काढावा लागला, घोट्यात प्लेट आहे.

काम एका मोठ्या ठेकेदाराचं, माणसं पोटठेकेदाराची, मशीन तिसऱ्याचंच, तासावर भाड्याने आणलेलं. तिघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. पोटठेकेदाराने ४०,००० दिले आणि आता ५०० च्या बाँडवर "माझी काही तक्रार नाही" अशी सही मागतोय. वर म्हणतो, बूट घातले नव्हते, चूक तुमचीच. बूट दिले कुणी होते?

सगळ्यात वाईट म्हणजे दवाखान्यात सोबत पोटठेकेदाराचा माणूस गेला होता. त्याने केसपेपरवर "पाय घसरून पडला" असं लिहून घेतलंय. दादा तेव्हा शुद्धीवर कुठे होता!

सही करावी का? आणि मागायचं कुणाकडे?

सातबारा:
सही अजिबात नको. केलीच असेल तरी घाबरू नका. अपघाताच्या वेळी लागू असलेला कर्मचारी नुकसानभरपाई कायदा १९२३ (नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली), कलम १७: हक्क सोडल्याचा असा करार रद्दबातल असतो. घेतलेले पैसे कशाबद्दल ते मात्र लिहून ठेवा.

कुणाकडे, तर कलम १२ प्रमाणे मुख्य ठेकेदारही जबाबदार. तो भरेल आणि पोटठेकेदाराकडून वसूल करेल, ते त्यांचं ते बघतील. बुटाचा मुद्दा टिकणारा नाही. दारू पिऊन असणं किंवा सांगितलेला सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडणं, असं काही असेल तरच मालक सुटायला बघतो. नुसत्या निष्काळजीपणावर नाही.

हिशोब असा: पगार दरमहा १५,००० पर्यंतच धरतात. त्याचे ६० टक्के ९,०००, गुणिले ३५ वयासाठी कायद्यात दिलेला गुणक १९७.०६, म्हणजे १७,७३,५४०, ही पूर्ण अपंगत्वाची रक्कम. अंगठा मुळापासून गेला असेल तर कायद्याच्या परिशिष्टात त्याचे १४ टक्के, म्हणजे २,४८,००० च्या वर. घोट्याचं वेगळं, त्यासाठी कमाईची क्षमता किती घटली ते डॉक्टरांकडून लेखी घ्या. औषधोपचाराचा खर्चही मागता येतो. ४०,००० म्हणजे तोंड बंद करायचे पैसे आहेत. मुदत अपघातापासून दोन वर्षं.

पोकलेनवाला:
मी स्वतः मशीन चालवतो. जॅक टाकताना बाजूला माणूस नाही ना, हे बघायचं काम ऑपरेटरचंच, आणि हेल्परच्या हाती मशीन देणं हा गुन्हाच समजा. जेसीबीला नंबरप्लेट असेल. तिचा फोटो काढा, विमा कुणाचा आहे ते काढा. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही जाता येतं, तिथं १५,००० ची मर्यादा नाही, पण हलगर्जीपणा सिद्ध करावा लागतो. दोन्हीकडे भरपाई मागता येत नाही, एकच रस्ता धरा. वकिलाला विचारून ठरवा.

सातबारा:
हो, तो पर्यायही खरा. पण आधी केसपेपर. पोलीस ठाण्यात दादाचा जबाब नोंदवा, पोच घ्या. सोबत काम करणाऱ्यांचे जबाब झाले तर उत्तमच. पाय घसरून पडला तर अंगठ्याचा असा चेंदामेंदा होत नाही, हे एक्स-रे बघून डॉक्टरही सांगतील.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. सही करत नाही. सोबतचे दोघं मात्र अजून त्याच ठेकेदाराकडे कामाला आहेत, एकाने तर फोन उचलणंच बंद केलंय. मुकादमाच्या हजेरीवहीचा फोटो आहे, त्यावर दादाचं फक्त पहिलं नाव, तेही चुकीचं लिहिलेलं. पैसे मात्र दर शनिवारी मोबाइलवर यायचे. तेवढ्यावर तो कामाला होता हे सिद्ध होईल का?