ठळक तिरकं कॅलिग्राफीचं शीर्षक: स्क्यू केलं की अक्षर बिघडतं

अक्षरवेडा:
दिवाळी पहाटचा १० × ४ फुटांचा फ्लेक्स आहे. वर ‘सूर्योदय’, बोरूच्या (तिरक्या कापलेल्या टोकाच्या लेखणीच्या) वळणाचं, ठळक आणि तिरकं. खाली इंग्रजी ओळ झाफ चान्सरी या तिरक्या कॅलिग्राफी फॉन्टमध्ये. कोरलड्रॉमध्ये ठळक फॉन्ट १२ अंश स्क्यू केला (उजवीकडे कलवला), तर अक्षर मळल्यासारखं, बोथट दिसतं. शिरोरेषा आडवीच आहे, मग बिघडतं काय?

बोरूटाक:
बिघडतं ते जाड-बारीक. देवनागरीचा बोरू रोमनच्या उलट कापाचा. त्यामुळे वरून उजवीकडून खाली डावीकडे येणारा फटकारा सर्वांत जाड, आणि र-ची शेपटी जाते त्या दिशेचा बारीक. उजवीकडे १२ अंश स्क्यू केलंत की ४५ अंशांतला जाड फटकारा लांबतो आणि सुमारे १० टक्के बारीक होतो. बारीक फटकारा आखडून ११ टक्के जाड होतो. काना जेमतेम २ टक्के बदलतो. म्हणजे ज्या फरकावर बोरूचं अक्षर उभं असतं, तोच पुसला जातो. ठळक वजनात तो फरक आधीच कमी, म्हणून तिथे लगेच डोळ्यांत भरतं.

फ्लेक्सवर एकच शब्द आहे, तर तो हातानेच लिहा. नेहमीच्या अक्षराची उंची कटनिबच्या (सपाट, रुंद टोकाच्या निबच्या) रुंदीच्या ५ पट धरलीत, तर ठळकसाठी साडेतीन ते ४ पट. कागदावर १० अंश कललेल्या रेघा आखा, काने त्यांना समांतर ठेवा, पण निबचा कोन बदलू नका. मग स्कॅन करून कोरलमध्ये ट्रेस, म्हणजे चित्राचं रेखाकृतीत रूपांतर.

मांडणीकार:
वेळ नसेल तर सगळा शब्द ५ अंश वर चढता फिरवा. फिरवण्याने जाडी बदलत नाही. काने मात्र मागे रेलतात, ते सरळ करण्यापुरतंच ५-६ अंश स्क्यू द्या. नुकसान निम्म्यावर येतं, आणि चढत्या शिरोरेषेचा जोर तिरक्या कान्यांपेक्षा मला तरी जास्त वाटतो.

तयार फॉन्टच हवा तर ‘कलम’ बोल्ड. झुकाव मुळातच आहे, स्क्यूची गरज नाही. पण वळण स्केचपेन-बॉलपेनचं, बोरूचं नाही.

‘र्यो’वर रफार आणि मात्रा एकत्र येतात. कललं की दोन्ही द-कडे सरकतात आणि मधली फट बुजते. कर्व्ह्ज करून (फॉन्टचं रेखाकृतीत रूपांतर करून) तेवढी जागा हाताने मोकळी करा. शिरोरेषेचे तुकडे वेल्ड करायला (जोडून एकसंध करायला) विसरू नका, नाहीतर आउटलाइन दिली की प्रत्येक सांध्यावर उभी रेघ उमटते.

अक्षरवेडा:
आणि इंग्रजी ओळ?

बोरूटाक:
चान्सरीचा जाड फटकारा नेमका उलट दिशेला पडतो, म्हणून दोन्ही ओळी भांडतात. ‘यात्रा वन’ लावून पाहा: मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला आहे, त्यातली रोमन अक्षरं देवनागरीच्या फटकाऱ्यांनी घडवली आहेत. वजन एकच आणि उभं आहे, ते तसंच राहू द्या. चान्सरीच हवी असेल तर ती ‘सूर्योदय’च्या एक चतुर्थांश उंचीत, हलक्या वजनात ठेवा.