हुसेनसागरवर लेझर: गस्ट आला की शीट सोडायची की लफ करायचं?

हार्बरवाली
नमस्कार मंडळी. मी मुंबईत हार्बरला लेझर (एकट्याने चालवायची छोटी शिडाची बोट) चालवते, वजन ५६ किलो, शीड रेडियल, म्हणजे आता ज्याला आयएलसीए ६ म्हणतात ते. आमच्याकडे सीझनमध्ये दुपारी वायव्येचा खारा वारा एकदा लागला की संध्याकाळपर्यंत जवळपास एकसारखा राहतो, वेग १४ नॉट असला तरी हाईक करून (कडेबाहेर अंग टाकून) बसायचं आणि चालवायचं, अंगाला सवय होऊन जाते. आता पावसाळ्यात इथलं सगळं बंद आणि जुलैत आम्ही काही जण हैदराबादला हुसेनसागर तलावावर रेस करायला जाणार आहोत. तिथला वारा म्हणे क्षणात ८ चा १८ होतो आणि दिशा पण बदलतो.

प्रश्न असा की अपविंडला (वाऱ्याकडे वर) जाताना गस्ट (वाऱ्याचा अचानक झोत) आला तर एक कोच सांगतात आधी मेनशीट (शिडाची दोरी) सोड, बोट सपाट ठेव. दुसरे सांगतात शीट अजिबात सोडायची नाही, टिलर (सुकाणूचा दांडा) हलका ढकलून बोट वाऱ्यात चढव, म्हणजे नाक वाऱ्याकडे वळव, लफ कर. दोघंही नॅशनल्स खेळलेले आहेत त्यामुळे वाद घालायची सोय नाही. आणि डाउनविंडला (वारा मागून घेऊन जाताना) बोट वाऱ्याच्याच बाजूला लोळते त्याचं काय करायचं तेही सांगा, जाइबचं (वारा मागून असताना शीड दुसऱ्या बाजूला घेण्याचं) तर विचारूच नका.

सिकंदराबादचा_बापू
ये गं, आमच्या तलावाला सगळेच घाबरून येतात. पहिलं हे डोक्यात घे की वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे १० चा १४ झाला की जोर जवळपास दुप्पट, आणि तू म्हणतेस तसा ८ चा १८ झाला तर पाचपट. ५६ किलोची पोरगी हाईक करून करून किती करणार, त्यामुळे नुसत्या अंगाच्या जोरावर इथे भागत नाही.

तुझे दोन्ही कोच बरोबर आहेत, ते दोन वेगवेगळ्या गस्टबद्दल बोलतायत एवढंच. गस्ट लागतो त्या पहिल्या क्षणी बोटीचा वेग तोच असतो आणि वारा मात्र वाढलेला असतो, म्हणून आपल्याला लागणारा वारा थोडा मागे सरकतो आणि बोट वर चढायला जागा मिळते. गस्ट बारका असेल, पाण्यावर चटईएवढा काळा डाग असेल, तर तेवढ्यात लफ करून काढून घ्यायचा, शीटला हात लावायचा नाही. पण मोठा पट्टा येताना दिसला तर लफ करत बसशील तर बोट उभी राहील, मग पुढचा झोत उभ्या बोटीवर येतो आणि आडवी करतो. तिथे हातभर शीट सोड, छाती बाहेर टाक, बोट सपाट होऊन पळायला लागली की लगेच ओढून घे. सोड, हाईक, ओढ, याच क्रमाने, आणि सोडायची बोट कलल्यावर नाही तर कलायच्या आधी. कारण एकदा लेझर नीट कलली की बूमचं (शिडाखालच्या आडव्या काठीचं) टोक पाण्याला लागतं आणि मग तू हातातली शीट पूर्ण सोडलीस तरी बूम बाहेर जात नाही, पाणीच त्याला अडवतं. वर सुकाणू अर्धं पाण्याबाहेर आलेलं असतं त्यामुळे टिलर ओढून पण काही होत नाही.

आणि इथली खास गोष्ट. गस्ट पाण्यावर पडतो आणि पंख्यासारखा पसरतो, त्यामुळे त्याच्या एका कडेला तुला लिफ्ट (वारा मागे सरकून वर चढायला जागा) मिळतो आणि दुसऱ्या कडेला हेडर (वारा नाकाकडे सरकतो). हेडरवाली कडा जास्त वाईट, कारण तू आधीच बाहेर लटकून तयार बसलेली असतेस, शीड एकदम रिकामं होतं आणि तू पाठीवर पाण्यात. पाय स्ट्रॅपमध्ये घट्ट ठेव आणि आत यायची तयारी बाहेर जाण्याएवढीच ठेव.

किकर_ओढा
बापूंनी सगळं सांगितलं पण किकर (बूम खाली ओढून धरणारी दोरी) राहिला, आणि माझ्या मते लेझरवर शीट सोडू की लफ करू हा वादच किकर ढिला असलेल्यांचा असतो.

लेझरला मागून डोलकाठी धरणारी दोरीच नाही. मेनशीट घट्ट असते तेव्हा तीच बूम खाली खेचते आणि काठी वाकवते. शीट सोडलीस की बूम बाहेर जायच्या ऐवजी आधी वर उचलला जातो, काठी सरळ होते आणि शीड खोल होतं. म्हणजे पॉवर कमी करायला म्हणून शीट सोडली आणि शिडाचं पोट वाढलं! किकर आधीच दाबून ओढलेला असेल तर शीट सोडल्यावर बूम आडवा बाहेर सरकतो, काठी वाकलेलीच राहते. किकर ओढायची युक्ती म्हणजे आधी मेनशीट ब्लॉक टू ब्लॉक (दोन्ही कप्प्या एकमेकींना लागेपर्यंत) ओढायची, बूम खाली आला की किकरची दोरी आपोआप ढिली पडते, ती तेवढी खेचून घ्यायची आणि वर अजून थोडी. नुसत्या हाताने खेचायला गेलीस तर खांदा जाईल.

सोबत कनिंगहॅम (शिडाची पुढची कड खाली ताणणारी दोरी) जोरात, इतका की शिडाचं ते भोक बूमपर्यंत खाली यायला पाहिजे, पुढच्या कडेला सुरकुत्या दिसल्या तर दिसू देत, काही बिघडत नाही. आउटहॉल (शिडाची खालची कड ताणणारी दोरी) पण ओढ. डॅगरबोर्ड (बोटीखालची उभी फळी) चार बोटं वर घेऊन बघ, हलक्या माणसाला बराच फरक पडतो.

दोन तोटे आहेत. टॅक करताना (नाक वाऱ्यातून फिरवून दुसऱ्या बाजूला वळताना) बूम इतका खाली असतो की डोकं जवळपास डेकला लावावं लागतं. आणि विंडवर्ड मार्कला (वाऱ्याच्या बाजूच्या वळायच्या खुणेला) पोचलीस की खाली, म्हणजे वाऱ्यापासून दूर, वळायच्या आधी किकर सोडायचाच. न सोडता बेअर अवे केलंस तर बूमचं टोक पाण्यात आणि बोट आडवी, आणि तेही मार्कवर, सगळ्या फ्लीटच्या समोर. मी हे दर रेगाटाला कोणाचं ना कोणाचं बघतो.

हार्बरवाली
बापू, किकरदादा, खूप आभार. बूम वर उचलला जातो हे माझ्या डोक्यातच नव्हतं, आमच्याकडे शीट सोडायची वेळच कमी येते ना. पण मग डाउनविंडला किकर किती सोडायचा? पूर्ण सोडला तर वरचं शीड पुढे फिरतं आणि तिथूनच लोळायला सुरुवात होते असं वाटतंय.

लेस्टरचा_देशपांडे
बरोबर ओळखलंत. मी इकडे इंग्लंडात रटलंड वॉटरला चालवतो, वारा भरपूर आणि पाणी बर्फासारखं, त्यामुळे डेथ रोलचा (असं वाऱ्याच्या बाजूला लोळून उलटण्याचा) अभ्यास सक्तीचा आहे 😄

किकर एवढाच सोडायचा की शिडाची मागची कड वरच्या बाजूला थोडी उघडी राहील, पार फडफडू द्यायची नाही. बूम ९० अंशाच्या पुढे जाऊ देऊ नका, जोराच्या वाऱ्यात उलट थोडा आतच ठेवा. डॅगरबोर्ड पूर्ण उचलायचा मोह होतो, उचलू नका, तिसरा हिस्सा वर पुरे, नाहीतर बोटीला धरायला खाली काही राहतच नाही. बसायचं थोडं मागे म्हणजे नाक घुसत नाही. आणि वाऱ्याच्या बाजूला लोळायला लागली की लोक घाबरून शीट सोडतात, तिथेच घात होतो. शीट झटकन ओढायची, अंग आत घ्यायचं आणि टिलर थोडा लांब ढकलून वर चढायचं, शिडात परत दाब आला की बोट सरळ होते.

जाइबचं म्हणाल तर वेग सगळ्यात जास्त असताना करायचा. ऐकायला उलटं वाटतं, पण बोट वाऱ्याबरोबर पळत असते तेव्हाच शिडावर दाब कमी असतो. वेग कमी झाल्यावर, गस्ट मागून येऊन आदळतोय तेव्हा केलात तर बूम तोफेसारखा येतो. लेझरची अजून एक खोड म्हणजे मेनशीटचा लूप ट्रान्समच्या (बोटीच्या मागच्या सपाट कडेच्या) कोपऱ्यात अडकतो आणि बूम अर्ध्यात थांबतो. त्यासाठी बूम मध्यावर येत असताना शीटला वरच्या बाजूला एक हिसका द्या, लूप सुटतो. बूम पलीकडे गेला रे गेला की टिलर मध्यात, नाहीतर बोट तशीच फिरत जाऊन उलटते. अगदीच भरोसा नसेल तर जाइब करूच नका, शीट ओढत वर चढा, टॅक करा आणि परत खाली या. थोडा वेळ जातो, पण उलटलेली बोट सरळ करण्यापेक्षा कमीच.

मालवणचो_झिलगो
ताई रेसचा मला काय कळत नाय, आमची घरची होडी, आता इंजिन आहे पण आजा शिडावर जायचा. एकच सांगतो. संध्याकाळी ढग काळे चढले आणि चालू असलेला वारा अचानक पडला, पाणी तेलकट दिसायला लागला, आणि मग अंगावर थंडगार झुळूक आली तर समजायचा की पावसाच्या पुढचा झोत आला. पावसाची वाट बघत रवायचा नाय, सरळ किनारा धरायचा. तो झोत शीट सोडून आणि लफ करून ऐकणारा नसता.

सिकंदराबादचा_बापू
झिलग्या, शंभर टक्के. इथेही संध्याकाळी ढगांचा गडगडाट सुरू झाला की कमिटी बोट (रेस चालवणाऱ्यांची बोट) काय म्हणते त्याच्याआधी स्वतःचं डोकं वापरायचं. किनाऱ्यापर्यंत जायला वेळ नसेल तर वाऱ्याला आडवी, थोडी वर तोंड करून बोट थांबव आणि शीट पूर्ण मोकळी सोड, शीड फडफडू दे.

आणि हार्बरवाली, उलटलीसच तर बोट सोडायची नाही. शीट मोकळी कर, किकर हाताला लागला तर तोही सोड आणि लगेच डॅगरबोर्डवर जा. पूर्ण पालथी होऊ देऊ नको, कडेकडेला तळाशी गाळ आहे, काठी त्यात रुतली तर सेफ्टी बोटीची वाट बघत बसावं लागतं. उभी करताना नाक वाऱ्याकडे असू दे, नाहीतर उभी होते आणि तुझ्याच अंगावर पलीकडे पडते. आणि तोंड बंद ठेव, आमचं पाणी काय प्रतीचं आहे ते संपूर्ण शहराला ठाऊक आहे.

रेसच्या दोन दिवस आधी आलीस तर बरं. सकाळी इथली ऑप्टिमिस्टवाली (लहान मुलांच्या छोट्या शिडाच्या बोटीतली) पोरं सरावाला असतात, संजीवय्या पार्कच्या बाजूला. त्यांच्यामागे नुसती फिर आणि ती कुठे बघतात ते बघ. शिडाकडे नसतात बघत, वारा येतो त्या वरच्या बाजूचं पाणी बघत असतात.

हार्बरवाली
नक्की येते बापू. किकरदादा, शेवटचं एक, माझ्या किकरचा क्लीट (दोरी पकडून ठेवणारी दातांची पकड) जोरात ओढल्यावर घसरतो, दोरी बदलू की क्लीट?

किकर_ओढा
आधी क्लीटचे दात हाताने तपासून बघ. गुळगुळीत लागले तर क्लीटच बदल, दोरीवर पैसे घालवू नको. दात धारदार असतील तर दोरी त्या क्लीटसाठी बारीक पडत असेल, एक मिलिमीटर जाड घेऊन बघ. आणि हैदराबादला निघायच्या आधी बदल, तिथे ऐन वेळी सगळेच सुट्टे भाग मागत फिरत असतात.